नाश्ता घाटकोपरला, कला टाऊनला

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘रविवार’ हा विषय दिला, तेव्हा डोक्यात आधी दोनच गोष्टी आल्या. सकाळी सहकुटुंब बाहेर जाऊन निवांत केलेला नाश्ता, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी त्यानंतर गाठलेला काळा घोडा कला उत्सव. उपनगरातल्या किती घरांत हा बेत दरवर्षी ठरतो! ठरतो, आणि अनेकदा कुर्ल्याच्या पुढे सरकत नाही. असं का होतं, हे नुसतं आठवून लिहिण्यापेक्षा जाऊन बघावं म्हणून मी घराबाहेर पडले.

आधी एक हिशेब सांगते. मुंबईत जिल्हे दोन. 1990 च्या ऑक्टोबरात उपनगर जिल्हा वेगळा झाला. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा प्रदेश त्यात आला. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 31 लाखांच्या आसपास होती आणि उपनगर जिल्ह्याची 93 लाखांच्या वर. चार मुंबईकरांपैकी तिघं उपनगरात राहतात. नावाजलेली कलादालनं आणि वस्तुसंग्रहालयं मात्र बहुतेक दक्षिण टोकाला, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या भागाला आपण अजून ‘टाऊन’ म्हणतो. मुलुंड महापालिकेच्या हद्दीत 1957 साली आलं. तरी तिथली माणसं आजही ‘जरा टाऊनला जाऊन येतो’ असंच म्हणतात.

पाट्यावरचा फाफडा

घाटकोपर पूर्वेला रविवारी सकाळी स्टेशनाबाहेर आलं की फरसाणाच्या दुकानांपुढच्या रांगा दिसतात. हा गुजराती आणि कच्छी वस्तीचा भाग, आणि इथला रविवार फाफडा-जलेबीचा. दसऱ्याला तर या रांगा पार कोपऱ्यावरून वळतात.

फाफडा करणारा कारागीर बघत उभं राहावं असा असतो. बेसनात ओवा, हिंग, मिरीची भरड, पापडखार आणि तेल घालून मळलेल्या पिठाचा बोटभर लांब गोळा तो लाकडी पाट्यावर ठेवतो. तळहाताच्या टाचेने एकच दाब देत हात पुढे ढकलतो आणि वीतभर लांब, कागदासारखी पट्टी पाट्याला चिकटून पसरते. मग सुरीचं पातं खालून सरकवून ती अखंड उचलायची आणि कढईत सोडायची. या सगळ्याला तीन-चार सेकंदं लागतात. दाब कमी पडला तर फाफडा जाड राहतो आणि मध्ये कच्चा लागतो. जास्त झाला तर उचलताना फाटतो. तेलातही त्याला लाल होऊ द्यायचा नसतो, पिवळा असतानाच काढायचा. शेजारी दुसरा माणूस आंबवलेलं मैद्याचं पीठ फडक्याच्या पुरचुंडीत घेऊन तईवर जलेबीची वेटोळी सोडत असतो. सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या आणि बेसनाची पातळ कढी. समोरचा ग्राहक ‘अढीसो-अढीसो’ म्हणतो, पंतनगरकडून आलेला ‘पाव-पाव किलो’ म्हणतो, आणि काउंटरवरचा मुलगा मान वर न करता दोघांचंही बांधून देतो.

रांगेत बहुतेक पुरुष. हातात कापडी पिशवी, कुणाच्या कडेवर पोर. हा झाला घरी न्यायचा नाश्ता. बाहेर बसून खायचा असेल तर उडप्याचं हॉटेल.

उडपी हॉटेलांनी मुंबईकरांना बाहेर खायला शिकवलं असं मला वाटतं. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी 1942 साली खानावळ काढली, त्याच्या आगेमागे दक्षिण कन्नडातून आलेल्या माणसांनी गिरण्यांच्या आणि कचेऱ्यांच्या आसपास हॉटेलं थाटली, आणि लोकलच्या मार्गाने ती वाढत वाढत बोरिवली-मुलुंडपर्यंत गेली. आज उपनगरातल्या जवळपास प्रत्येक स्टेशनासमोर एक तरी आहेच. रविवारी साडेआठ-नऊला त्यांच्या दाराशी एक माणूस वही घेऊन उभा असतो. नाव आणि ‘किती जण’ एवढं लिहून घेतो. आत तव्यावर पाण्याचा हबका मारून खराट्याने तवा झाडला की चर्र आवाज येतो आणि डोशाची पुढची खेप पडते. एकाच तव्यावर सहा-आठ डोसे. घाटकोपरला त्यातले काही ‘जैन’, म्हणजे बटाटा-कांदा नसलेले. त्यांच्या भाजीची भांडी वेगळी, उलथनं वेगळं.

या रांगांत मला सर्वांत जास्त बघावंसं वाटलं ते बायकांकडे. उपनगरातल्या नोकरदार घरात आठवड्याचे पाच-सहा दिवस गॅस पहाटे पाचला पेटतो. सव्वासातच्या लोकलचा डबा, साडेसातच्या शाळेचा डबा, सासऱ्यांची न्याहारी. रविवारी सकाळी त्या घरातली बाई खुर्चीवर बसते, समोर कुणीतरी आणून ठेवलेली इडली गरम असतानाच खाते आणि कॉफी वाटी-पेल्यात खालीवर करत पिते. आजोबांना मऊ इडली, नातवाला चीज डोसा, ‘सांबार ज्यादा’, हे सगळं दुसरं कुणीतरी बघतं. बाहेरच्या नाश्त्याचं बिल चौघांचं पाचशे-सातशे रुपये होतं आणि मध्यमवर्गीय घरं ते खळखळ न करता देतात, त्यामागचं मोठं कारण हे आहे. त्या तासाभराच्या बसण्यात मग कुणीतरी म्हणतं, बाहेर पडलोच आहोत तर पुढे कुठेतरी जाऊ या.

मुलुंडला हाच तास दाल-पकवानाचा असतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या ज्या वसाहती मुंबईच्या आसपास वसल्या त्यांत मुलुंड कॉलनी एक. पकवान म्हणजे जिरं घातलेली मैद्याची कडक पुरी. लाटल्यावर टोचे मारतात, म्हणजे ती फुगत नाही. वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी आणि बारीक कांदा. घर, शेत, दुकान सगळं मागे टाकून आलेल्या लोकांनी रविवारची ही न्याहारी तेवढी सोडली नाही, आणि आता रांगेत मराठी, तमिळ, गुजराती सगळे असतात. पार्ले, मुलुंड पूर्व, बोरिवलीच्या मराठी गल्ल्यांत थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ. अंधेरीला यातलं सगळंच मिळतं.

अकरा ते चार

नाश्ता आटोपेपर्यंत साडेदहा होतात आणि नेमकं तेव्हाच मेगाब्लॉकचं घड्याळ सुरू होतं.

उपनगराबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. मुंबईची लोकल पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत धावते. रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांची देखभाल करायला मोकळा वेळ असा उरतच नाही. म्हणून रविवारी, प्रवासी कमी म्हणून, साधारण अकरा ते चार या वेळात मध्य रेल्वे एखाद्या पट्ट्यातले रूळ बंद ठेवते. मुख्य मार्गावर तो पट्टा बरेचदा माटुंगा ते मुलुंड असतो. धीम्या मार्गावर काम असलं की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, आणि त्या मार्गाला जिथे फलाट नाही किंवा लहान आहे तिथे गाडी थांबत नाही. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर ही नावं ब्लॉकच्या बातमीत आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. पश्चिम रेल्वेवर याला जम्बोब्लॉक म्हणतात.

काम टाळता येण्यासारखं नाही. रविवारी भर उन्हात खडी आणि रुळांत वाकून काम करणारे ट्रॅकमन बघितले की तक्रार करायला जीभ रेटत नाही. पण परिणाम तर होतोच. नाहूरला राहणाऱ्या आजी-आजोबांना दोन नातवंडं घेऊन आधी रिक्षाने मुलुंडला जायचं, तिथे पंधरा-वीस मिनिटं उशिराच्या खचाखच गाडीत चढायचं, मग सीएसएमटीला उतरून चालायचं. परत येताना पुन्हा तेच. लहान मूल किंवा गुडघे दुखणारं माणूस बरोबर असलं की इथेच बेत मोडतो आणि ‘त्यापेक्षा मॉलला जाऊ’ असं ठरतं. रविवारी दुपारी उपनगरातले मॉल भरतात याचं एक कारण रेल्वेच्या वेळापत्रकात आहे.

यात अलीकडे मोठा फरक पडला तो मेट्रोने. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली. तेव्हा ती पूर्व-पश्चिम जोडणारी होती, टाऊनला नेणारी नव्हती. ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो-3 पूर्ण खुली झाली; मरोळ नाक्यावर दोन्हींची गाठ त्याआधीच पडली होती. आता घाटकोपरला बसून मरोळ नाक्याला गाडी बदलायची आणि हुतात्मा चौकाला वर यायचं. तिथून काळा घोडा पाचेक मिनिटं चालत. बोरिवली पूर्वेच्या माणसाला आणखी एक बदल करावा लागतो. मेट्रो-7 ने गुंदवलीला उतरून पुलावरून पहिल्या मेट्रोत, तिथून मरोळ नाका. गेल्या हिवाळ्यात त्या डब्यात मी एक दृश्य पाहिलं, लोकलमध्ये कधी न दिसलेलं: चाकांच्या खुर्चीतल्या आजी, शेजारी सून, नातीच्या हातात रंगपेटी, आणि सगळे शांत बसलेले. मुलुंडकरांना अजून हे सुख नाही. त्यांच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो-4 चे खांब उभे राहिले आहेत, रविवार मात्र अजून रेल्वेच्याच हाती आहे.

बिनस्वाराचा घोडा

काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो तिथे नाही. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा हा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि 1879 साली तो चौकात बसला. 1965 मध्ये तो हलवला. आज तो भायखळ्याला जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा काळा घोडा आला. त्याच्या पाठीवर कुणी नाही. श्रीहरी भोसले यांनी घडवलेला हा घोडा मला राजपुत्राच्या घोड्यापेक्षा जास्त आवडतो.

1998 साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि 1999 पासून उत्सव सुरू झाला. नऊ दिवस, जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत, प्रवेश फुकट. कोविडच्या खंडानंतर 2023 मध्ये तो पुन्हा रस्त्यावर आला. के. दुभाष मार्ग म्हणजे जुना रॅम्पार्ट रो वाहनांना बंद होतो आणि त्याच्या मधोमध मांडणशिल्पं उभी राहतात. डेव्हिड ससून ग्रंथालयाची 1870 सालची इमारत आहे, तिच्या मागच्या बागेत लेखकांच्या गप्पा. चौकाजवळच्या वस्तुसंग्रहालयाच्या हिरवळीवर मुलांच्या कार्यशाळा. क्रॉस मैदानावर संगीत. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर नाच झाला की शेकडो माणसं रस्त्यावर बसकण मारतात.

रविवारी दुपारी बाराच्या पुढे तिथे पाय ठेवायला जागा नसते. पोलिसांचे कठडे, आत जायची एक बाजू, बाहेर पडायची दुसरी. मी कठड्यापाशी बराच वेळ उभी राहिले ते माणसं कुठून आली हे ऐकायला. कानावर डोंबिवली, भाईंदर, चारकोप, भांडुप पडत राहिलं. कुलाब्यात आणि मलबार हिलवर राहणाऱ्यांना हा उत्सव मधल्या वारी, संध्याकाळी, गर्दी नसताना बघता येतो. शनिवार-रविवारचा काळा घोडा उपनगरांचा आणि त्याही पलीकडच्यांचा असतो.

या गर्दीबद्दल जाणकारांत एक नाराजी असते: लोक चित्र बघत नाहीत, चित्रापुढे फोटो काढतात. मला ही नाराजी पटत नाही. भंगारातल्या सायकलींच्या सुट्या भागांतून केलेल्या प्राण्यापुढे फोटोसाठी थांबलेली एक चाळिशीची बाई मी बघत होते. फोटो काढून झाल्यावर ती परत वळली, पायडल कुठे बसवलंय ते तिने बोटाने दाखवलं आणि मुलाला विचारलं, चेन कुठाय सांग. पाच मिनिटं ती दोघं त्या शिल्पाभोवती फिरत होती. दालनाच्या काचेच्या दाराआड ती गेली असती का? जहांगीर कलादालन तिथेच आहे, 1952 पासून, विनामूल्य. तरी दाराशी घुटमळून परत फिरणारी कुटुंबं मी नेहमी बघते. चप्पल काढायची का, तिकीट आहे का, आपल्याला कळेल का, कुणी हटकेल का, असे सगळे प्रश्न त्या उंबऱ्यावर उभे असतात. रस्त्याला उंबरा नाही. उघड्यावरच्या कलेचं सगळं बळ मला यात दिसतं. मांडणशिल्पांशेजारी मराठीत चार सोप्या ओळी असल्या तर ते दुप्पट होईल. आजी-आजोबा पाटी वाचायला हमखास थांबतात.

आणि याच चौकात नाश्त्यावर एक मोठी कविता लिहिली गेलेली आहे. अरुण कोलटकर वेसाइड इन या उपाहारगृहात वर्षानुवर्षं बसत. समोरचा तिकोना चौक बघून त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी कवितांचं पुस्तक, ‘काला घोडा पोएम्स’, प्रास प्रकाशनाने 2004 मध्ये काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. त्यातली एक दीर्घ कविता काळा घोड्याच्या न्याहारीची आहे. फुटपाथवर राहणारी माणसं इडलीच्या डब्याभोवती गोळा होतात आणि पोटभर खातात, एवढंच तिच्यात घडतं. शहरातला कलेचा मानाचा चौक आणि तिथे बिनछपराची जगणारी माणसं कोलटकरांनी एका नजरेत घेतली. ती इडली आजही शहरभर फिरते. रविवारी सकाळी सातला सायकलला ॲल्युमिनियमचा डबा बांधून, रबरी भोंगा वाजवत तमिळ इडलीवाला आपल्या सोसायटीच्या फाटकाशी येतो, तेव्हा उडप्याच्या रांगेत उभं राहणं न परवडणारं उपनगरही त्याच्याभोवती जमतं.

रस्ता बंद करायला काय लागतं

काळा घोड्याकडून शिकण्यासारखं म्हणजे तिथली व्यवस्था. महापालिका, वाहतूक पोलीस, स्थानिक पोलीस ठाणं, अग्निशमन दल यांच्या परवानग्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. आसपासच्या कचेऱ्या आणि दुकानदारांशी बोलणी. कचरा, पाणी, फिरती स्वच्छतागृहं. मांडणशिल्प उभारायचं तर ते गर्दीत ढकललं जाणार, मुलं त्यावर चढणार, हे धरून त्याचा पाया करावा लागतो. पैसा प्रायोजकांकडून आणि स्टॉलांच्या भाड्यातून येतो. आणि तो पुन्हा परिसरात जातो: फोर्टातलं रतनसी मुळजी जेठा कारंजं आणि बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा यांच्या जीर्णोद्धाराला असोसिएशनचा हातभार लागला, आणि या दोन्ही कामांची युनेस्कोच्या वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली. उत्सवाने आपल्या रस्त्यावरचा दगड राखला, हे मला फार मोलाचं वाटतं.

उपनगरात रस्ता बंद होऊ शकत नाही असं म्हणायला जागा नाही. 2014 मध्ये वांद्रे-सांताक्रूझ पट्ट्यात ‘इक्वल स्ट्रीट्स’साठी रविवारी सकाळी रस्ता माणसांना मोकळा झाला होता. मार्च 2022 मध्ये मुंबई पोलिसांनीच ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केलं, त्यात अंधेरीचं लोखंडवाला आणि मुलुंडचा तानसा जलवाहिनीचा रस्ताही होता. मुलं रस्त्यावर बॅडमिंटन खेळली, म्हातारी माणसं मधोमध चालली. अनुभव आहे, रस्ते आहेत, माणसंही आहेत.

असल्फ्याचा डोंगर

घाटकोपरहून मेट्रो सुटली की जागृतीनगर आणि पुढे असल्फा. तिथे खिडकीतून डोंगरावर एकावर एक चढलेली घरं दिसतात. 2017 च्या डिसेंबरात ‘चल रंग दे’ या गटाने, देदीप्या रेड्डी यांच्या पुढाकाराने, शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीने या उतारावरच्या घरांच्या भिंती रंगवल्या. निळा, पिवळा, गुलाबी. अधूनमधून मोठी चित्रं. काम सुट्टीच्या दिवशी चाललं, वस्तीतल्या लोकांनीही ब्रश घेतले. काही दिवसांतच मेट्रोतले प्रवासी मोबाईल वर करून फोटो घेऊ लागले, बाहेरून माणसं बघायला येऊ लागली. उपनगरात खऱ्या अर्थाने उघड्यावर मांडलेलं एवढं मोठं प्रदर्शन त्याआधी मी पाहिलं नव्हतं.

गल्ल्यांतून वर चढून गेले. पायऱ्या अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने दाराच्या उंबऱ्यावर चढायचं. पावसाळ्यांनी काही भिंतींचा रंग धुतलाय, काही घरमालकांनी नंतर आपल्या आवडीचा दिलाय. वस्तीत दोन्ही बोलणी कानावर येतात. रंगामुळे गल्ली स्वच्छ राहायला लागली, पाहुण्यांना पत्ता सांगताना बरं वाटतं, हे एक. आणि रंग बाहेरून दिला, आतली गळती आणि पाण्याची रांग तशीच राहिली, हे दुसरं. दोन्ही खरं आहे. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्याच डोंगरउतारावर आझादनगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली होती. अशा उतारावरच्या वस्तीला आधी संरक्षक भिंत हवी, मग रंगीत भिंत. पण म्हणून रंगवणाऱ्यांना दोष देणं चुकीचं ठरेल. संरक्षक भिंत बांधणं सरकारचं काम आहे आणि ते राहिलं म्हणून कुणी चित्र काढायचं नाही, असा न्याय नसतो.

याच घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडपट्टीत, अण्णाभाऊ साठे अनेक वर्षं राहिले. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी 1959 साली आली तेव्हा ते तिथलेच रहिवासी होते. अमर शेख आणि गव्हाणकरांसह त्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. त्यांचा रंगमंच म्हणजे मैदान, चौक, चाळीचं पटांगण; तिकीट नाही, खुर्ची नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरीने माणसं उठवली. उघड्यावरची कला उपनगराला कुणी बाहेरून आणून शिकवण्याची गरज नाही. वांद्र्याच्या चॅपल रोडवर 2012 पासून रणजित दहिया यांनी हिंदी सिनेमाची भित्तिचित्रं काढली, 2014 मध्ये वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके उभे राहिले. ही सगळी उपनगरातलीच कामं. मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ या नाट्यगृहांनी तिकीट काढून बसणारा उत्तम प्रेक्षक घडवला आहे. वाटेने जाता जाता थांबणाऱ्या माणसासाठी मात्र उपनगरात वर्षातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी फारसं काही नाही.

मंडळांना विनंती

हे कुणी करायचं, या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या गल्लीतच दिसतं. काळा घोड्यासाठी जी यंत्रणा लागते ती उपनगरातल्या प्रत्येक मोठ्या गणेशोत्सव मंडळाकडे आहे. महापालिकेच्या एक खिडकी पद्धतीतून परवानगी कशी काढायची, मंडपाला अग्निशमनाचे नियम काय, वीजजोडणी तात्पुरती कशी मिळते, रांग कशी लावायची, वर्गणी कशी गोळा करायची आणि तिचा हिशेब कसा द्यायचा, हे मंडळांच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. दहा दिवस लाखो माणसं सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना चारशे मीटरचा एक रस्ता दोन दिवस सांभाळणं अवघड नाही. मूर्तिकार, नेपथ्यकार, रांगोळीकार, सुलेखनकार हे सगळे आपल्याच वस्तीत राहतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला त्यांची रांगोळी रस्ताभर पसरते आणि तासाभराने चाकांखाली जाते. तीच माणसं, तोच रस्ता, फक्त कलेसाठी.

सुरुवात लहान असावी. एक रविवार, एक रस्ता, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. स्टेशनापासून चालत जाता येईल असा, म्हणजे मेगाब्लॉक असला तरी बिघडत नाही. रस्त्याच्या तोंडाशी नाश्त्याच्या गाड्या आणि बचत गटांचे स्टॉल, पुढे चित्रं, शिल्पं, शाहिरी, मुलांना रंगवायला एक लांब भिंत. बसायला बाकं, सावली, आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय. हे शेवटचं नसेल तर बाकी काही करू नये. स्टॉलच्या भाड्यातून उरलेले पैसे त्याच वस्तीतल्या एखाद्या जुन्या विहिरीला, वाचनालयाला, नाहीतर डोंगरावरच्या पायऱ्यांना द्यावेत.

पाऊस नाही, घाम नाही, परीक्षा अजून लांब, असा जानेवारी हाच त्यासाठी योग्य महिना. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्याला दोन-अडीच महिने असतील. तुमच्या मंडळाच्या किंवा सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि रस्ता कोणता ते आत्ताच ठरवा.